कडूबाची नऊ कासवं

माझी जीभ तिखट हाये, हे गावात कोणालाही विचारा. शहागडच्या बाजारात भाजीवाली मला पाहिलं की न सांगता जुडी मोठी बांधते. सासू म्हणायची, साळूबाईच्या तोंडाला लागणं म्हणजे आग्यामोहोळाला ढेकूळ मारणं. मला त्याचं कधी वाईट वाटलं न्हाई. बाईमाणसानं बोलायलाच पाहिजे, न्हाई तर लोक डोक्यावर मिरे वाटतात. पण तीन वर्षांमागं एकदा बोलायचं तिथं मी गप बसले, आणि बोलू नये ते एक वाक्य बोलून गेले. ते कडूबाचं सांगते.

कडूबा माझा दीर, मालकांचा धाकटा भाऊ. मालकांच्या पाठीवर दोन लेकरं झाली आणि गेली, म्हणून तिसऱ्याचं नाव सासूनं कडूबा ठेवलं. कडू वस्तू देव काही उचलत न्हाई, असं तिचं म्हणणं. पोरगं स्वभावानं मात्र गूळ. मी लग्न होऊन आले तेव्हा सोळाची होते आणि हा बारा वर्षांचा, नाक पुसत बाभळीवर चढणारा. पहिला महिनाभर मला हाकच मारली न्हाई, लाजायचा. मंग एक दिवस मी सासूच्या देखत दूधवाल्याला झापलं, तेव्हापासून मी त्याची 'फौजदारीणबाई' झाले. वहिनीबी म्हणायचा, पण खुशीत असला की फौजदारीणबाई.

तेव्हा आमच्या घरी सव्वाशे मेंढरं होती. आम्ही धनगर. रानोमाळ चारायचं आणि मुक्कामाला कोणाच्या तरी शेतात मेंढरं बसवायची, भोवती सुताची जाळी लावून. त्या जाळीला आम्ही वाघूर म्हणतो. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच माघात मेंढ्या व्याल्या. सासरे आणि मालक कळप घेऊन पुढं गेल्ते, आणि मागं सात कोवळी कोकरं कडूबाच्या हवाली केल्ती. पोरगं पहाटेपासून उठलेलं. उन्हाला बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला आणि कावळे उतरले. कावळा कोवळ्या जिवाचे डोळे आधी काढतो. मी भाकरी घेऊन पोचले तेव्हा तीन कोकरं आंधळी झाल्ती, आणि कडूबा आपल्या सदऱ्यानं त्यांची तोंडं पुसून राह्यला होता.

सासऱ्यांनी त्याला मारलं न्हाई. मारलं असतं तर एकवेळ बरं झालं असतं, मार माणूस विसरतो. सगळ्यांच्या समोर एवढंच म्हणाले, "तुह्याच्यानं एक जीव राखणं व्हायचं न्हाई." बस. आणि ते ह्या शब्दावर मरेपर्यंत राहिले. कडूबाला एकट्याला कळपामागं कधी धाडलं न्हाई. स्थळं आली, तर पाहुण्यांना स्वतःच सांगायचे, पोरगं गरीब हाये, पण राखणीचं न्हाई. आता धनगराच्या घरात ज्याला राखता येत न्हाई त्याला पोरगी कोण देणार? तसाच राहिला बिचारा. पुढं चारायला रान उरलं न्हाई, कळप गेला. मालक नदीकडच्या दोन एकरात राबायला लागले आणि कडूबा शहागडला हायवेवर गाड्या भरायला. एका हातानं मोसंबीची कॅरेट उचलायचा, पण शेजारच्या राधाकिसननं नुसती म्हैस धरायला सांगितली तर म्हणायचा, "दुसरा कोणी पाहा बापू." हसून म्हणायचा, पण म्हणायचाच.

तर तीन वर्षांमागच्या आखाडात हा नदीकडच्या पट्टीत खुरपायला गेल्ता. बांधाच्या कडेला माती हलताना दिसली. पाहतो तर कासवाची पिल्लं, फोडलेल्या अर्ध्या लिंबाएवढी, एकामागून एक वर येऊन राह्यलेली. अकरा होती म्हणे. त्याच्या डोळ्यांदेखत दोन कावळ्यांनी उचलली. उरलेली नऊ त्यानं डोक्याच्या रुमालात बांधली आणि थेट माझ्या चुलीपुढं आणून सोडली.

"अगंबाई!" मी ओरडले. "हे काय? घरात खायला तोंडं कमी पडली का?"

"वहिनी, कासव म्हणजे लक्ष्मी. देवळात नंदीच्या पुढं काऊन असतंय मंग?"

"देवळातलं दगडाचं हाये. ते हागत न्हाई."

हसून हसून त्याला ठसका लागला. माझी परात घेतली, तिच्यात पाणी ओतलं आणि नऊच्या नऊ आत सोडली. मी परातीसाठी भांडले, तर बाजारातून नवी परात आणून दिली.

घाटावरचा मच्छिंद्र भोई नदीत मासे धरतो, त्याला ह्यातलं कळतं. तो येऊन पाहून गेला. म्हणाला, "कडूबा, ही पाळायची बंदी हाये. फॉरेस्टवाल्यांनी पाहिलं तर भारी पडंल. नदीत सोड." कडूबानं त्याला हाताला धरून नदीवर नेलं. वरच्या धरणातून पाणी सोडलेलं, गोदामाई काठोकाठ, गढूळ, आणि उथळ होतं तिथं तिथं बगळे उभे. "ह्यांच्या तोंडी देऊ का?" कडूबा म्हणाला. "दिवाळीपर्यंत पाठ टणक होऊ दे, पाणी उतरू दे, मंग मी माझ्या हातानं सोडतो." मच्छिंद्र चांगला माणूस, कोणाला बोलला न्हाई.

घरात ठेवली तर आठ दिवसांत त्यातलं एक मलूल पडलं. भोकरदनला दिलेली माझी लेक रेणुका, तिनं मोबाईलवर शोधून सांगितलं, काका, त्यांना ऊन लागतं, उन्हाशिवाय पाठ मऊ पडते. झालं! कडूबानं घरामागचा, गुरांना पाणी पाजायचा जुना हौद साफ केला. अर्ध्यात वाळू, अर्ध्यात पाणी, लपायला दोन-चार खापरं. आणि पिल्लं उन्हात आली तशी पाखरंबी आली.

पहिल्या दिवशी त्यानं कांद्याच्या गोणीची जाळी टाकली, ती कावळ्यानं चोचीनं उसवली. मंग माझं कोंबड्या झाकायचं डालगं पालथं घातलं. तर कावळा डालग्यावर बसून फटीतून चोच घालून राह्यला, आणि एका पिल्लाचा पाय ओढला. तेव्हा कडूबाच्या ध्यानात आलं की जाळी जिवाच्या अंगालगत कामाची न्हाई, ती हातभर उंच पाहिजे, चोच पोचायला नको. आणि नुसता कावळा थोडाच? वरून घार फिरायची, नदीकडून बगळा यायचा, कुंपणातून भारद्वाज. भारद्वाज दिसला की आपण हात जोडतो, दिवस चांगला जातो म्हणतो. हा हात जोडायचा आणि मंग ढेकूळ फेकायचा. "दर्शन झालं बाबा, आता जा."

शेवटी एक दिवस माळ्यावर चढला आणि सासऱ्यांची वाघूर काढली. कळप गेला तेव्हा तिचा एवढाच तुकडा घरात ठेवला होता, दर दसऱ्याला आम्ही तिला हळदकुंकू लावायचो. मी अशी भडकले! "बापाची आठवण कासवावर घालतो? लाज न्हाई वाटत?" मालक म्हणाले, "घेऊ दे गं. राखणीचीच जाळी हाये, राखणीलाच चालली." वाघरीचे डोळे मोठे, कावळा आत शिरंल, म्हणून त्यानं ती दुहेरी केली. हौदाच्या चार बाजूंना बाभळीचे चार खुंट ठोकले, हातभर उंचावर वाघूर ताणून बांधली, निम्म्यावर सावलीला तुराट्या टाकल्या. गाठ सासऱ्यांच्या हातची, मेंढराच्या धडकेनंबी न सुटणारी. कुठं शिकला होता कोण जाणे, शिकवली तर कोणी न्हवती.

दुसऱ्याच दिवशी एका कावळ्याचा पाय वाघरीत अडकला. लटकून असा ओरडला की गावातले सगळे कावळे आमच्या पत्र्यावर जमा. कडूबानं धोतर डोक्यावर घेऊन, टोच्या खात, कात्रीनं दोन सुतं कापून त्याला सोडवलं. पण कावळ्याची जात शहाणी. त्या दिवसापासून आमच्या घरावर एक कावळा फिरकंना. कडूबा खूश, मीबी खूश, वाळवणाला राखण बसायला नको. भादव्याचं कोणाच्या डोक्यात आलं न्हाई.

त्या दीड-दोन महिन्यांत कडूबा बदलला, हे मला कबूल केलं पाहिजे. गाड्या भरून आला की आधी हौदावर जायचा, गांडुळं घालायचा, उकडलेलं अंडं घालायचा, माझ्याच कोंबडीचं, आणि सकाळ-संध्याकाळ मोजायचा. "नऊ बराबर!" म्हणून मोठ्यानं सांगायचा. राधाकिसननं ते पाहिलं आणि दोन दिवस परगावी जाताना आपल्या चार शेळ्या त्याच्याकडं सोडून गेला. एकोणचाळीस वर्षांत पहिल्यांदा ह्यानं न्हाई म्हटलं न्हाई. शेळ्या जशा घेतल्या तशा परत दिल्या, आणि त्या दिवशी माझ्याकडून दोनदा चहा करून घेतला.

एकदा ओसरीवर बसून मला म्हणाला, "वहिनी, दीड महिना झाला. नऊच्या नऊ हायेत. बा असता तर दाखवली असती."

मी म्हणाले, "आधी हात धू, मंग भाकर खा." एवढंच. एक शब्द चांगला बोलले असते तर माझं काय जात होतं? पण न्हाई सुचलं.

सासऱ्यांचं पित्तर अष्टमीला असतं. त्या वर्षी वीसेक माणूस होतं. माझी नणंद सत्यशीला धावड्याहून आल्ती, भाऊबंद होते, त्यांची लेकरं होती. मी पहाटेपासून उपाशी चुलीपुढं. खीर, वडे, कढी, भजी, भोपळ्याची भाजी, सगळं झालं. मालकांनी पानावर घास वाढून पत्र्यावर ठेवला आणि हाका मारल्या. आमच्यात कावळा घास घेत न्हाई तोवर घरात कोणी जेवत न्हाई. लेकरूसुद्धा न्हाई.

कावळा आला न्हाई. अर्धा तास, तास, दीड तास. राधाकिसनच्या लिंबावर चार बसलेले दिसून राह्यले, पण आमच्याकडं मान वळवंनात. लेकरं रडायला लागली. मालक गुडघ्यावर हात ठेवून खाली पाहत बसले. आणि सत्यशीलाबाईंनी तोंड उघडलं.

"बा रुसला, दादा. रुसंल न्हाई तर काय? त्याच्याच वाघरीनं त्याची वाट अडवली. लेक कासवं सांभाळून राह्यला आणि बाप दारात उपाशी!"

कडूबानं ऐकलं. तसा उठून लांब रस्त्याच्या कडेला जाऊन बसला. मला म्हणाला, "मला भिऊन येत नसतील, वहिनी. मी दिसलो न्हाई तर येतील." तिथं दगडावर घराकडं पाठ करून बसला. तरीबी कावळा आला न्हाई.

मला राग कोणाचा आला सांगू? सत्यशीलाचा. माझ्या घरात येऊन मला ऐकवते म्हणून. पण तिला बोलता येत न्हवतं, पित्तराच्या दिवशी घरच्या लेकीला कसं बोलायचं? मंग तो राग कडूबावर निघाला. मी रस्त्यावर गेले आणि त्याला सांगितलं, "पत्रावळी कमी पडतात. जल्दी शहागडला जा आणि पन्नास घेऊन ये."

पत्रावळी कमी न्हवत्या. माळ्यावर दोन गठ्ठे होते.

तो लगेच उठला. सायकल काढली, आणि पाय टाकायच्या आधी हौदाकडं पाहून म्हणाला, "वहिनी, घडीभर ध्यान ठेवता का?"

"जा रे, मी काय आंधळी हाये? हाये ना मी."

तो वळणापलीकडं गेला तशी मी घरामागं गेले. सगळी माणसं पुढच्या अंगणात होती. गाठी सोडायला गेले तर एकबी सुटंना. मंग एका कोपऱ्याचा खुंट हलवून हलवून उपटला आणि वाघूर दुसऱ्या अंगाला लोटून दिली. पिल्लं उन्हात वाळूवर पडल्ती, माझी चाहूल लागली तशी पाण्यात गेली. त्यांच्यावर मी दोन सुपं झाकली. झाकली म्हणजे काय, कशीतरी ठेवली. घास घेतला की परत बांधू, एवढंच मनात होतं. देवाशपथ एवढंच होतं.

पाव घडी झाली नसंल. आधी एक कावळा आला, मंग दोन, मंग पाच. पत्र्यावर उतरले, वडा उचलला, खिरीत चोच घातली. मालकांनी हात जोडले. त्यांच्या डोळ्याला पाणी आल्तं. सत्यशीला म्हणाली, "जेवला गं बाई माझा बा!" आणि मला एवढा आनंद झाला की मी पदर खोचून पंगत बसवली. लेकरांची, पुरुषांची, मंग बायकांची. वाढणाऱ्या बाईला वाढताना स्वतःचं नाव आठवत न्हाई. हे मी माझ्या बचावाला सांगून राह्यले, पण खरं हाये.

कढी वाढता वाढता मागून कलकलाट ऐकू आला. पळी हातात घेऊन धावले. हौदाच्या कडेवर सात-आठ कावळे होते, एक सूप खाली पडलेलं. मी ओरडत पळी फिरवली, ते उडाले, दोघांच्या चोचीत काहीतरी होतं. हौदात एक पिल्लू उलटं पडलं होतं, पाठ तेवढी होती, आत काही न्हवतं. वाळू सगळी उकरलेली. खापराखाली एक सापडलं, मान, पाय सगळं आत ओढून घेतलेलं. बाकी न्हवती.

आता माझं खरं पाप सांगते. पिल्लं मेली ती चूक झाली असं म्हणा. पण तिथं उभी राहून मी रडले न्हाई की ओरडले न्हाई. मी आधी मागं वळून पाहिलं, कोणी पाहिलं का म्हणून. कोणी न्हवतं. मंग वाघूर पुन्हा ओढून घेतली, उपटलेला खुंट त्याच्या भोकात खुपसला, सुपं उचलून चुलीमागं नेऊन ठेवली, आणि पळी धुऊन परत कढी वाढायला गेले.

कडूबा आला, काखेत पत्रावळी. त्या माझ्या हातात दिल्या, "आला का कावळा?" विचारलं, मी हो म्हणाले, तर त्याचं तोंड उजळलं. "चला, बरं झालं," म्हणत मागं गेला. मी कान देऊन उभी होते. लई वेळ झाला तेव्हा मी गेले, माझ्यामागं मालक आणि सत्यशीलाबी आले. हौदापाशी तो उकिडवा बसला होता आणि खुंट हातात होता. नुसतं धरलं तर हातात आला असंल.

"वहिनी, खुंट ढिला होता," तो म्हणाला.

तेव्हा बोलायचं होतं. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला एका वाक्याचं काय अवघड होतं? पण मागं सत्यशीला उभी होती. मालकांच्या तोंडावर अजून बाप जेवल्याचं समाधान होतं. मी म्हणाले, "जल्दीत ठोकला असशील तू."

त्यानं मान हलवली. "हौ. सकाळी अंडं घालायला काढल्ता. कामाला जायचं न्हवतं तरी जल्दी केली." आणि मंग खुंटाची माती बोटानं पुसत, कोणाकडं न पाहता म्हणाला, "बा बराबर बोलला होता."

तो त्या दिवशी जेवला न्हाई. उरलेलं पिल्लू रुमालात घेऊन नदीवर गेला. मच्छिंद्र सांगत होता, पाणी अजून चढलेलंच होतं, बगळे होतेच, तरी ह्यानं सोडलं. मच्छिंद्र म्हणाला, अरे दिवाळीला सोडणार होतास ना? तर म्हणाला, "माह्याजवळ मरंल, त्यापेक्षा नदीत जगलं तर जगलं."

दुसऱ्या दिवशी सांगीन म्हणाले. दुसऱ्या दिवशी सत्यशीला होती. ती गेली तर मालकांची धास्ती, बापाच्या घासासाठी भावाला फसवलं हे त्यांना कसं सांगू? मंग दसरा आला. मंग मनाची समजूत घालायला लागले की कासवंच होती, माणसं थोडीच होती. असं एकेक करत तीन वर्षं गेली. आणि मनात खुपत असलं की माणूस गोड होतो म्हणतात, माझं उलटं झालं. तो समोर आला की मी जास्तच फटकारायची. भाकर करपली तर त्याच्यावर, कुत्रं शिरलं तर त्याच्यावर. त्यानं मला फौजदारीणबाई म्हणणं सोडलं होतं. राधाकिसन पुन्हा शेळ्या घेऊन आला, तर कडूबानं दार उघडलं न्हाई, मलाच सांगायला लावलं की घरी न्हाई.

ह्या वर्षी रेणुका बाळंतपणाला आली. पुसात नातू झाला. दीड महिन्याचा झाला तसं त्याला सकाळच्या कोवळ्या उन्हात गोधडीवर टाकायला लागलो. परवाची गोष्ट. रेणुका अंघोळीला गेल्ती, मालक शेतात. मी बाळापाशी बसले होते आणि आत दूध वर आल्याचा वास आला. कडूबा ओसरीवर चप्पल घालून निघायच्या बेतात होता.

"कडूबा, दोन मिनिटं बाळापाशी बस. ऊन डोळ्यावर आलं तर सरकव."

तो दोन पावलं मागं सरला. "न्हाई वहिनी. मला नका सांगू."

"अरे दोन मिनिटं. दूध चाललंय."

"माह्याच्यानं राखणं होत न्हाई, तुम्हाला म्हाईत हाये ना. काही झालं म्हणजे?" आणि लांबूनच रेणुकाला हाका मारायला लागला, "रेणुके, जल्दी ये! रेणुके!" चोपन्न वर्षांचा माणूस, बाळाकडं नजर लावून, दोन्ही हात पाठीमागं धरून उभा.

दूध गेलं उतू. मी गेले न्हाई. तिथंच गोधडीवर बसून त्याला सगळं सांगितलं. पत्रावळींचं, खुंटाचं, सुपांचं, चुलीमागं लपवल्याचं. रेणुका ओल्या केसांनी येऊन उभी राहिली, तिच्यासमोर सांगितलं. "तुझा खुंट पक्का होता रे, मला उपटायला किती वेळ लागला! तुझ्या हातून एक जीव गेला न्हाई. मी मारली ती. तू नऊच्या नऊ राखली होती, कडूबा. दोन महिने राखली." मला रडू आवरंना. ह्या घरात मला रडताना कोणी पाहिलं न्हवतं, सासू गेली तेव्हाबी न्हाई.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. जवळ आला, माझ्यापुढं बसला, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडं पाहून हसला.

"वहिनी, बेचाळीस वर्षांत तुम्ही मला एवढं गोड कधी बोलल्या न्हाईत," तो म्हणाला. "माह्यासाठी खोटं डोक्यावर कशाला घेता? तो खुंट मीच ठोकल्ता. मला ठावं हाये."

"अरे खोटं न्हाई!" मी ओरडले. "मालकांची आण! ह्या लेकराची आण घेते!" आणि मी बाळाच्या डोक्यावर हात ठेवायला गेले.

त्यानं माझा हात मधेच धरला. "नका, वहिनी. खोट्यापायी लेकराची आण घेऊ नका."

मंग उठला, सदरा झटकला, आणि शहागडला गाड्या भरायला निघून गेला.